चाळीस पानांचा प्रबंध

प्रबंध या शब्दाचा आपल्याकडे जाडीशी संबंध आहे. मराठीच्या प्राध्यापकाने पीएच.डी.साठी सादर केलेला ग्रंथ दोन्ही हातांनी उचलावा लागला नाही, तर त्याच्या व्यासंगाविषयी शंका घेण्याची आपली जुनी रीत आहे. माझा स्वतःचा प्रबंध टंकलिखित चारशे अठरा पानांचा होता. मौखिक परीक्षेच्या वेळी एका परीक्षकांनी तो 'आटोपशीर' असल्याचे सांगितले, तेव्हा ती स्तुती होती की तक्रार, हे मला आजतागायत उमगलेले नाही. त्यामुळे कमला भागवत यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट ज्या प्रबंधावर मिळवली तो उणापुरा चाळीस पानांचा होता, हे प्रथम वाचनात आले तेव्हा मला आश्चर्य वाटलेच, शिवाय किंचित असूयाही वाटली. चाळीस पानांत आमची प्रस्तावनादेखील आवरत नाही.

कमलाबाईंची, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी यांची, गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. निदान तिचा पूर्वार्ध तरी. त्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिली आलेली ही मुलगी त्याच संस्थेकडे अर्ज करते. संस्थेचे संचालक असतात सर चंद्रशेखर वेंकट रामन, १९३० च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. अर्ज नामंजूर होतो, कारण अर्जदार स्त्री आहे. मुलगी बंगळुरास जाऊन थेट रामन यांच्यापुढे उभी राहते, सत्याग्रहाचा पवित्रा घेते, आणि अखेर प्रवेश मिळतो; पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, प्रसंगी रात्रीही, काम करायचे. प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षाच्या अखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले.

ही हकीगत आपण शाळा-महाविद्यालयांतून, महिलादिनाच्या भाषणांतून पुष्कळ वेळा ऐकतो. तिला एक आख्यानाचा घाट आला आहे आणि तो घाट समीक्षक म्हणून मला खटकतो. दार बंद असते, नायिका ठोठावते, दार उघडते. इथे आरती होते आणि श्रोते उठतात. दारातून आत गेल्यावर त्या मुलीने दिवसभर काय केले, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. तिने कशावर संशोधन केले, असा प्रश्न मी एकदा पदव्युत्तर वर्गात विचारला होता. पंचवीस जणांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. रामन यांच्या अटी मात्र बहुतेकांना तोंडपाठ होत्या. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या मराठीच्या शिक्षकांना दाराची वर्णने चांगली करता येतात.

आतले काम कसे असते, ते मी जवळून पाहिले ते म्हैसूरला. आणि तेही मला एका वेगळ्याच कामगिरीवर पाठवण्यात आले होते म्हणून.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिने पीएच.डी.चा ध्यास घेतला. त्यासाठी आधी राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते. जीवविज्ञानाच्या त्या प्रश्नपत्रिकेत १४५ प्रश्न असतात आणि त्यांतले जास्तीत जास्त ७५ सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. म्हणजे निम्मी परीक्षा 'काय सोडून द्यायचे' याची. साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही अशी एखादी परीक्षा असावी, असे मला अनेकदा वाटले आहे. ती उत्तीर्ण झाली, अधिछात्रवृत्तीही मिळाली. मग अर्जांचा हंगाम सुरू झाला आणि संशोधनाचा आराखडा 'भाषेपुरता पाहून दे' म्हणून तिने माझ्याकडे पाठवला.

मी तो तपासला आणि आमच्या विषयातल्या आराखड्यांशी मनोमन ताडून पाहिला. आमचे आराखडे सिद्ध करण्याच्या घाईत असतात. अमुक कवीच्या जाणिवेचे स्वरूप उलगडून दाखवणे, तमुक प्रवाहाचे पुनर्मूल्यांकन करणे. क्रियापदे सगळी कर्तृत्वाची. भाचीच्या दीड पानात तसे काहीच नव्हते. किती नर आणि किती माद्या घेणार, त्यांना किती तपमानात ठेवणार, दिवसाच्या कोणत्या वेळी पाहणार, काय मोजणार, आणि मोजलेले आकडे योगायोगाने तसे आले नाहीत हे कशावरून ठरवणार. निष्कर्षाच्या जागी एकच वाक्य होते: दोन शक्यता आहेत आणि त्यांपैकी कोणती खरी आहे हे माहीत नाही. भाषेच्या दृष्टीने मला त्यात सुधारण्याजोगे फारसे काही सापडले नाही. एक-दोन स्वल्पविराम हलवून मी तो परत पाठवला.

महाराष्ट्रातल्या एका संस्थेत मुलाखत चांगली झाली. शेवटी तिला विचारण्यात आले, की पाच वर्षांचे काम आहे, मध्येच लग्न ठरले तर? ते विचारणाऱ्या बाईच होत्या, असे तिने मला मुद्दाम सांगितले. १९३३ ची अट लेखी होती की तोंडी, हे मला ठाऊक नाही. नव्वद वर्षांनी ती सौजन्याच्या स्वरात विचारली जाते, एवढी प्रगती निश्चित झाली आहे. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली आहेत, स्त्रियांना वर आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही आहे. कागदाने मान्य केलेली गोष्ट मुलाखतीच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो. तिची निवड तिथे झाली नाही. म्हैसूर विद्यापीठात झाली.

म्हैसूरचे विद्यापीठ १९१६ सालचे. त्याच्या विस्तीर्ण परिसराला 'मानसगंगोत्री' हे नाव कुवेंपूंनी दिले. एका कवीने विद्यापीठाच्या आवाराचे नाव ठेवावे आणि रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांनी ते रोज उच्चारावे, याचे मला पूर्वी तिथल्या भारतीय भाषा संस्थानात एका अनुवाद-कार्यशाळेसाठी गेले असतानाही अप्रूप वाटले होते. शेजारीच कुक्करहळ्ळीचे तळे आहे. मात्र प्राणिशास्त्राच्या विभागात काय चालते, याचा मला तेव्हा पत्ता नव्हता. तिथे चिलटे पाळतात. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी, आपण हाताने हाकलतो तीच ही चिलटे. शास्त्रातले नाव ड्रॉसोफिला. कमलाबाईंचा अर्ज नामंजूर झाला त्याच १९३३ साली टॉमस हंट मॉर्गन यांना या चिलटांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आनुवंशिकता गुणसूत्रांतून वाहते, हे त्यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या प्रयोगशाळेत बाटल्यांतल्या चिलटांच्या पिढ्या मोजून दाखवले होते. म्हैसुरात या कीटकाच्या नाना जाती-वाणांचे जतन करणारे केंद्रच आहे. चामुंडी टेकडीवर कोणत्या ऋतूत, किती उंचीवर, कोणती चिलटे आढळतात याच्याही नोंदी इथल्या अभ्यासकांनी केल्या आहेत. हजार पायऱ्या चढून देवीला जाणाऱ्यांच्या वाटेवर कोणी केळ्याचे आमिष ठेवून चिलटे धरत असेल, अशी कल्पना मी केली नव्हती.

या विभागातले एक काम मला फार विलक्षण वाटले. ड्रॉसोफिला नसुटा या चिलटाचे दोन वंश आहेत. एकाच्या पेशीत आठ गुणसूत्रे, दुसऱ्याच्या पेशीत सहा. एच. ए. रंगनाथ आणि एन. बी. रामचंद्र यांनी त्यांचा संकर केला. संतती वांझ निघाली नाही. तिच्या पिढ्यांमागून पिढ्या बाटल्यांत वाढत गेल्या, आणि कालांतराने दोन्ही पूर्वजांहून वेगळी गुणसूत्ररचना असलेले नवे वंश त्यांतून स्थिरावले. उत्क्रांती म्हणजे लक्षावधी वर्षांपूर्वीची, दगडांत गोठलेली गोष्ट, असे समजणाऱ्या माझ्यासारखीला ती म्हैसुरात कापसाचे बूच लावलेल्या बाटलीत चालू असलेली पाहून थोडे भांबावल्यासारखे झाले. भाचीचा विषय याच वंशांतील नरांच्या प्रणयाराधनाचा होता.

मी गेले ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी दोन महिने तिच्या बाटल्यांत माइट नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड शिरली होती आणि तिने जोपासलेले दोन वाण हातचे गेले होते. तिसरे वर्ष चालू होते. सव्वा वर्षाच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. तिने हे आईला फोनवर सांगितले, आणि आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला. "ताई, तू जा आणि तिला समजावून घेऊन ये. पुण्यात औषधकंपन्यांत किती तरी नोकऱ्या आहेत. माश्यांपायी आयुष्य घालवायचे का?" बहिणीचा प्रश्न तुच्छतेचा नव्हता. मुलगी सव्वीस वर्षांची, एकटी, परक्या गावात रडते आहे, हे तिला सोसत नव्हते. मी वडीलधारी, शिवाय डॉक्टरेट. माझा शब्द चालेल, असा तिचा हिशोब होता.

सरस्वतीपुरममधल्या तिच्या खोलीत मी आठ दिवस राहिले. पहिल्या दिवशी पहाटे पाचला ती उठून निघाली तेव्हा मी विचारले, एवढ्या लवकर का? तेव्हा मला कुमारी माद्यांचे प्रकरण कळले. चिलटाची मादी कोषातून बाहेर आल्यावर पहिले काही तास, साधारण आठेक, नराला जवळ येऊ देत नाही. प्रयोगासाठी ती त्या अवधीतच वेगळी काढावी लागते. कारण एकदा समागम झाला की ते बीज ती शरीरात कित्येक दिवस साठवून ठेवते, आणि मग पुढच्या संततीचा बाप कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहाटे बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी पुन्हा पाहायचे, रात्री पुन्हा. रविवार, दिवाळी, ताप, मावशीचे आगमन, काहीही असो.

रामन यांनी कमलाबाईंना घातलेली रात्रीच्या कामाची अट मला त्या पहाटे आठवली आणि तिच्यातला अन्याय मला नव्या ठिकाणी दिसला. रात्री काम करावे लागणे हा त्या शास्त्राचाच स्वभाव आहे. किण्व, पेशी, अळ्या घड्याळ पाहत नाहीत. जे काम प्रत्येक संशोधक निमूट करतो, ते एका मुलीपुढे मात्र अट म्हणून मांडले गेले. चित्त विचलित न करण्याची अट तर फक्त तिच्यासाठीच होती.

विभागात मला एका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसण्याची परवानगी मिळाली. माश्यांचे अन्न शिजत होते: एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम रवा, शंभर ग्रॅम गूळ, थोडे अगर, आणि बुरशी धरू नये म्हणून वरून प्रोपिऑनिक आम्लाचे काही थेंब. म्हणजे बिनतुपाचा गुळाचा शिरा. विज्ञानातल्या डॉक्टरेटचा निम्मा वेळ स्वयंपाकात आणि भांडी घासण्यात जातो, हे गुपित मला तिथे समजले. दर दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक वाण नव्या बाटलीत हलवायचा असतो. माझ्या अभ्यासाची हस्तलिखिते मी एकदा दोन वर्षे कपाटात बंद ठेवली होती. उघडली तेव्हा ती जशीच्या तशी होती. संतांच्या पोथ्या अभ्यासकाची वाट तीनशे वर्षेही पाहतात. चिलट पंधरा दिवसही पाहत नाही.

मग निरीक्षण. काचेच्या छोट्या डबीत एक नर, एक मादी. तास लावायचा आणि डोळा न हलवता पाहायचे. नर मादीकडे तोंड करतो, पुढच्या पायाने तिला हलकेच स्पर्श करतो, तिच्याभोवती फिरतो, एक पंख पसरून कंपवतो. मादीच्या मनात नसेल तर ती लाथ मारते किंवा चालू लागते. यातल्या प्रत्येक कृतीसाठी वहीत एक रकाना. शृंगाररसावर मी वीस वर्षे व्याख्याने दिली आहेत. विप्रलंभाची एवढी नेमकी नोंद मी कुठे पाहिली नव्हती. एका जोडीपुढे लिहिले होते: पंखकंपन १४, नकार ३, मीलन नाही. अशा शेकडो जोड्या.

जेवताना मी तिला विचारले, की गेलेल्या वाणांचे काय? ती म्हणाली, "मावशी, केंद्रात त्यांची जोड-प्रत आहे. तिथून घेता येतील. पण पुन्हा पहिल्यापासून." मग थोड्या वेळाने, ताटाकडे पाहत, "मला कंटाळा आला नाहीये. मला भीती वाटते की एवढे मोजून शेवटी फरकच निघायचा नाही."

मी तिला इरावती कर्व्यांची हकीगत सांगितली. १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. मानवी वंशांत उच्चनीचता शोधणारे. १४९ कवट्या मोजायच्या होत्या आणि त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या विषमतेत वंशपरत्वे भेद आढळावा, अशी गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजले. तसा भेद नव्हता. त्यांनी तेच लिहिले आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परत आल्या. आपण त्यांना 'युगान्त'साठी ओळखतो, ते योग्यच आहे; पण महाभारतातल्या माणसांना भक्तीशिवाय न्याहाळणारी ती नजर कवट्या मोजताना तयार झाली असावी, असा माझा तर्क आहे. "फरक निघाला नाही, हेही निघणेच झाले," असे भाची म्हणाली. ते तिला आधीच ठाऊक होते. माझ्या तोंडून ऐकायचे होते, इतकेच.

दुर्गाबाईंची आठवण मी तिच्यापुढे काढली नाही, पण ती माझ्या मनात होती. त्याच घरातली थोरली बहीण गोंडांच्या अभ्यासासाठी मध्य प्रांतातल्या रानांत हिंडली, तिथे विषबाधा झाली, कित्येक वर्षे अंथरुणात गेली आणि तिची डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. मराठी साहित्याला त्यातून काय मिळाले, हे वाचकांना सांगायला नको. तरीही 'डॉक्टरेट राहिली म्हणूनच ऋतुचक्र झाले' असे सोयीचे समीकरण मांडणाऱ्यांशी मी सहमत नाही. राहिलेले काम हे राहिलेलेच असते, आणि दुर्गाबाईंसारख्या अभ्यासकाला त्याची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळत असणार.

कमलाबाईंच्या चाळीस पानांकडे मी त्या आठ दिवसांत पुन्हा वळले. बंगळुरास त्यांनी श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. मग केंब्रिज. तिथे प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे, वनस्पतींच्या श्वसनावर. बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी दाखवले, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते आणि प्राणवायूच्या साहाय्याने चालणाऱ्या त्यांच्या श्वसनात ते भाग घेते. प्राण्याचे आणि झाडाचे श्वास घेणे मुळात एकाच जातीचे आहे, असा याचा अर्थ. तिथे पोचल्यापासून प्रबंध सादर होईपर्यंत चौदा महिने लागले. पुढे दिल्ली, कुन्नूर आणि मुंबईची विज्ञान संस्था असा प्रवास करीत त्यांनी आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. बटाटा, डाळ, दूध, नीरा: कमलाबाईंच्या संशोधनाची ही सामग्री कोणत्याही स्वयंपाकघरातली आहे, आणि तरी आपल्या भाषणांत ती येत नाही, येतो तो फक्त रामन यांच्या खोलीचा उंबरठा.

मी मुक्काम हलवण्याच्या आदल्या दिवशी तिने मला सूक्ष्मदर्शकातून एका अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे दाखवली. रंगवलेल्या, आडव्या पट्ट्यांच्या, जाड दोऱ्यांसारखी होती ती. एका जागी दोन दोरे एकमेकांना सोडून वळसा घालत होते. "इथे दोन वंशांची लिपी जुळत नाही," ती म्हणाली. लिपी हा शब्द तिने माझ्या सोयीसाठी वापरला असेल. मी बराच वेळ डोळा लावून होते.

पुण्यास परतल्यावर बहिणीला मी सांगितले, की ती येणार नाही आणि तिने यावे असे मलाही वाटत नाही. बहीण दोन आठवडे माझ्याशी नीट बोलली नाही. दसऱ्याच्या सुमारास भाचीचा आम्हा दोघींना एक संदेश आला. त्यात मजकूर असा नव्हताच, फक्त वहीच्या पानाचे छायाचित्र होते. नवा वाण, पहिली पिढी, नर २६, माद्या ३१. बहिणीने मला फोन करून विचारले, हे काय आहे? मी तिला केंद्रातली जोड-प्रत, पहाटेच्या फेऱ्या, रवा, गूळ, सगळे अर्धा तास सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आणि त्यात तूप अजिबातच घालत नाहीत?"